बाप फील्डला, पोरं शिबिराला

लोक मला विचारतात, "बाई, दहा दिवसांचं शिबिर. त्यात सांगण्यासारखं काय घडणार?"

मी म्हणते, साठ पोरं घ्या. दहा दिवस घरापासून लांब ठेवा. आणि त्यातल्या प्रत्येकाचा बाप फौजेत असू द्या. मग बघा! आठ वर्षं झाली मला या शिबिरात, आता एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागनं चार येतात. परवा कर्जतच्या बाजारात एक जुनी मैत्रीण भेटली, तिला सांगत उभी राहिले, तर भाजीवाली म्हणाली, "बाई, तुमची मेथी सुकली बघा पिशवीत!"

आधी माणसं सांगते. मी कर्जतच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. दर मे महिन्यात कळंबजवळच्या एका आश्रमशाळेत फौजी लोकांच्या मुलांचं शिबिर भरतं. शाळेला सुट्टी असते, खोल्या रिकाम्या असतात. मी मुलींची वॉर्डन. ड्रिल घ्यायला हवालदारकाका. हे तिथलेच, रिटायर होऊन भातशेती करतात, पण चालतात अजून परेडवरच. स्वयंपाकाला शेवंतामावशी. आणि शिबिर भरवणाऱ्या ट्रस्टचे सेक्रेटरी. त्यांना आम्ही 'साहेब' म्हणतो. ते कधी फौजेत नव्हते, पण त्यांना तसं म्हटलेलं आवडतं.

*

पहिला दिवस फॉर्म भरण्याचा. मुलाचं नाव, वय, रक्तगट, वडिलांचा पत्ता.

ओजस नावाचा एक तिसरीतला मुलगा फॉर्म घेऊन हवालदारकाकांसमोर उभा. वडिलांच्या पत्त्यापुढे आईनं लिहून दिलं होतं, 'द्वारा ५६ एपीओ'.

"काका, छप्पन एपीओला इथून एसटी जाते का?"

हवालदारकाका मिशीत हसले. मागे रांगेत एक दहावीतली मुलगी होती. तिनंच उत्तर दिलं, "अरे, ते गाव नाहीये. आपले बाबा कुठं आहेत ते कोणाला कळू नये ना, म्हणून सगळ्यांची पत्रं तिथं जातात. तिथून पुढं पाठवतात."

ओजसनं विचार केला. चांगलं अर्धं मिनिट केला.

"मग बाबांना तरी माहितीये का, ते कुठं आहेत?"

हवालदारकाकांनी त्याचा फॉर्म घेतला, शिक्का मारला आणि म्हणाले, "दर येळेला नाय, बाळा."

*

आमच्या आश्रमशाळेला लागून एक रिसॉर्ट आहे. पूर्वी तिथं नाचणी-वरीची वरकस जमीन होती, आता स्विमिंग पूल आहे. मुंबईची माणसं शनिवार-रविवार तिथं शांततेला येतात.

आमची सकाळची शिट्टी साडेपाचला. हवालदारकाकांची शिट्टी म्हणजे डोंगरापलीकडची कुत्री उठतात! एका रविवारी सात वाजता रिसॉर्टचा मॅनेजर आला. तरुण मुलगा, कमरेला वॉकीटॉकी, बोलायला एकदम नम्र.

"सर, गेस्टलोकांची कम्प्लेंट आहे. झोपमोड होते."

हवालदारकाका म्हणाले, "ही पोरं कुनाची हायेत, ठावं हाय का तुमाला?"

त्यांनी त्याला सांगितलं. कोणाचा बाप बर्फात आहे, कोणाचा वाळवंटात, कोणाला दोन वर्षं रजा नाही. हवालदारकाका फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. तो पोरगा ऐकता ऐकता ताठ झाला. त्यानं चक्क सॅल्यूट ठोकला. डोळ्यांत पाणी वगैरे!

"सर, तुमच्याबद्दल खूप रिस्पेक्ट आहे. खरंच."

आम्हाला वाटलं, जिंकलं.

"फक्त ती शिट्टी आठनंतर वाजवता आली तर बघा ना!"

त्याच संध्याकाळी रिसॉर्टवर डीजे लागला. नेहमीची गाणी नाहीत, सगळी देशभक्तीची. एवढ्या मोठ्यानं, की आमची पोरं जेवायला बसली होती त्यांना शेजारच्याचं ऐकू येईना. वाढपी मुली 'भात हवा का' हे हातानं विचारत होत्या.

साडेआठला मॅनेजरचा मेसेज आला, 'सर, खास तुमच्या मुलांसाठी लावलंय. आवडलं ना?'

*

एका वर्षी आर्यन आणि गणेश एका खोलीत होते. दोघंही सहावीतले. आर्यनचे वडील मेजर. आई त्याला पुण्याहून गाडीतून सोडायला आली होती. गणेशचे वडील नायक, म्हणजे मेजरच्या कितीतरी हुद्दे खाली. गणेश काकाबरोबर बाइकवर आला होता, मांडीवर पत्र्याची ट्रंक घेऊन.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोल्या तपासायला गेले, तर गणेश ओट्यावर बसून बूट पॉलिश करत होता. दोन जोड.

"दुसरा जोड कोणाचा रे?"

"आर्यनचा."

"आणि तू का करतोयस?"

"बाई, त्याचे पप्पा मेजर आहेत ना."

माझं डोकंच फिरलं. मी हवालदारकाकांना बोलावलं. त्यांनी आर्यनला पटांगणात उभं केलं आणि परेडचा आवाज लावला. "इथं कोन मेजर नाय न् कोन नायक नाय! इथं समदी पोरं सारखी! समजलं का?"

आर्यन रडायलाच लागला. "काका, मी सांगितलंच नव्हतं! मी माझे करणार होतो. तोच म्हणाला, आण इकडे."

आम्ही गणेशकडे पाहिलं. त्याला काही लाज वाटत नव्हती, की दुःख नव्हतं. तो उलट खुशीत होता. बूट उजेडाकडे धरून म्हणाला, "माझे बाबा याच्यापेक्षा भारी करतात. त्यांनीच शिकवलंय मला."

हवालदारकाकांनी तो बूट हातात घेतला. उलटसुलट केला. बुटात चेहरा दिसत होता.

"पॉलिश झकास हाय," असं म्हणाले आणि बूट ठेवून पटांगणाच्या पार टोकाला निघून गेले.

आर्यनला काय शिक्षा करायची ते आम्ही ठरवूनच आलो होतो. गणेशचं काय करायचं, ते आजपर्यंत कोणाला सुचलेलं नाही!

*

एकदा भाषणाला एक वक्ते आले. हल्ली असतात ना, कानाला माइक लावून फिरत फिरत बोलणारे. पोरांना म्हणाले, "मोठेपणी वडिलांसारखं फौजेत कोण कोण जाणार?"

साठ हात वर. म्हणजे एकोणसाठ.

वक्त्यांना तो एक खाली असलेला हातच नेमका दिसला. आठवीतली तन्वी. "काय बेटा, तुला नाही जायचं? घाबरतेस?"

तन्वी उभी राहिली. "नाही सर. मी घरी थांबणार आहे. कोणीतरी घरी पाहिजे ना."

वक्त्यांच्या कानात माइकचा काहीतरी आवाज येत होता, तो ते नीट करत होते. म्हणाले, "शाब्बास! जोरदार टाळ्या!"

पोरांनी वाजवल्या.

*

रसायनीच्या बाजूच्या एका कारखान्यातर्फे दप्तरं वाटायची होती. कारखान्याचे एक अधिकारी आले, बरोबर फोटोग्राफर. अधिकारी माणूस वाईट नव्हता हो. घाम पुसत उन्हात उभा होता, प्रत्येक पोराला नाव विचारत होता. पण फोटो काढायची वेळ आली तेव्हा हळूच साहेबांना म्हणाला, "शहीद जवानांची मुलं कोणती? त्यांना जरा पुढे घेतलं तर बरं दिसेल."

साहेबांनी हळू काही विचारायचं की नाही? त्यांनी सरळ माइक घेतला!

"ज्यांचे वडील शहीद झालेत त्यांनी पुढे या. लवकर, लवकर!"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एक मुलगी उठली. मग दोन भाऊ उठले. एक मुलगा अर्धा उठला आणि बाजूच्याकडे बघत पुन्हा बसला, त्याला हात धरून आणावं लागलं. अशी सात पोरं पुढे बसली. त्यांना मोठी दप्तरं मिळाली, चाकांची. मागच्यांना साधी.

मी बाजूला उभी होते. का थांबवलं नाही, असं विचाराल, तर सांगते. दप्तरं चांगली होती, पोरांना हवी होती, पाहुणे उन्हात उभे होते. अशा वेळी माणूस गप्प बसतं. मी बसले.

तेवढ्यात माझा दुपट्टा कोणीतरी ओढला. दुसरीतला एक चिमुरडा, त्या वर्षी सगळ्यात लहान तोच. त्याचे वडील धडधाकट, आदल्याच दिवशी फोनवर बोलला होता. त्याचे डोळे चाकांच्या दप्तरावर.

"बाई, मला पुढच्या वर्षी पुढं बसायला मिळेल का?"

शेवंतामावशी पुऱ्या लाटता लाटता गंमत बघायला बाहेर आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि झडप घालून त्याचं तोंडच दाबलं. "थू थू कर! थू थू कर आधी! असलं बोलत्यात का रं?"

पोरगं घाबरून थुंकलं.

त्या दिवसाचा ग्रुप फोटो अजून ट्रस्टच्या ऑफिसात लावलाय. शेवटच्या ओळीत एक पोरगा आहे, त्याच्या तोंडाला पांढरं पीठ लागलंय. येणारे-जाणारे विचारतात, याला एवढं खाताना कोणी पकडलं!

*

पालकांच्या दिवशी पोरं नाटक करतात. नाटक त्यांचं त्यांनी लिहायचं, आम्ही हात लावायचा नाही, असा नियम. त्या वर्षीचं नाटक होतं, 'बाबांची सुट्टी'.

पडदा उघडतो. दारावर टकटक. छोटी मुलगी दार उघडते. बाहेर बाबा, खांद्यावर बॅग. मुलगी आत ओरडते, "आई गं, कोणीतरी काका आलेत!"

पटांगण हसून लोटपोट. समोर बसलेल्या आया तर डोळे पुसून हसत होत्या.

बाबा मुलीसाठी बूट आणतात. ती पाय घालून बघते, जाईना. "बाबा, हे दुसरीतल्या पायाचे आहेत. मी आता पाचवीत गेले!" पुन्हा हशा.

मग बाबा घरात शिस्त लावायला लागतात. टीव्ही बंद. चादरीची घडी अशी नाही, अशी. डब्यांना लेबलं. आजीच्या गोळ्यांची परेड! बाबा झालेला मुलगा इतकं सुंदर काम करत होता, की हवालदारकाका पहिल्या ओळीत मांडीवर थापा मारत होते.

शेवटच्या प्रवेशात बाबा अंघोळीला जातात. मुलगी आईजवळ जाते, हळूच विचारते, "आई, हे परत कधी जाणार गं?"

पडदा.

मुलांना वाटलं होतं, सगळ्यात मोठा हशा इथं येईल. त्यांनी ते वाक्य पण तसंच बसवलं होतं. कोणी हसलंच नाही. एक बाई उठून नळाकडे गेली, नळ सोडून नुसती उभी राहिली. पोरं पडद्याआडून विचारायला लागली, "बाई, चुकलं का काही?"

"नाही रे, मस्त झालं," मी म्हटलं आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या.

खुर्च्या उचलताना हवालदारकाका माझ्याजवळ आले. "बाई, माझ्या पोरानं पन ह्येच इचारलं व्हतं त्याच्या आयेला."

"लहान असतात हो, काका. तुम्हाला सांगितलं होय वहिनींनी?"

"नाय. मी अंघोळीलाच गेलो व्हतो. पानी काढलं नव्हतं अजून."

*

आणि एक निकिताचा. हा मी फारसा कोणाला सांगत नाही.

निकिता सातवीत. खालापूर तालुक्यातल्या एका गावची, वडील शिपाई. अक्षर मोत्यासारखं. म्हणून शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळ्या पोरांची नावं सर्टिफिकेटवर लिहायला मी तिलाच बसवलं होतं. काळा मार्कर घेऊन सकाळपासून लिहीत होती. एकाही नावात चूक नाही.

अकरा वाजता साहेबांना तिच्या मामाचा फोन आला. तिचे वडील गेले होते. मामा म्हणाला, पोरीला काही सांगू नका. आजीला बरं नाही म्हणा आणि आणून सोडा. आम्ही इथं बघतो कसं सांगायचं ते.

साहेबांचा चेहरा पडला. खोटं नाही सांगत, त्यांना खरंच वाईट वाटलं. पण बाराला प्रमुख पाहुणे यायचे होते. म्हणाले, "दोन तासांनी नेऊ. तिला धावण्याचं पहिलं बक्षीस आहे. पाहुण्यांच्या हस्ते घेऊ दे बिचारीला. नंतर आयुष्यभर दुःखच आहे."

मी मान हलवली असती. मला माझा स्वभाव माहीत आहे. पण हवालदारकाकांनी हात पुढे केला.

"साहेब, जीपची चावी द्या."

साहेबांनी दिली.

मी निकिताजवळ गेले. "निकिता, चल, घरी जायचंय. आजीला बरं नाही."

"कुठल्या आजीला?"

हे आमचं कोणाचं ठरलंच नव्हतं! मी म्हटलं, "बाबांच्या आईला."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मार्करला टोपण लावलं, उरलेली सर्टिफिकेटं नीट रचून ठेवली, आणि म्हणाली, "नऊ राहिलीत, बाई."

तिनं पिशवी भरली. कुणाचा निरोप घेतला नाही, आणि मीही घे म्हटलं नाही. जीप हवालदारकाका चालवत होते, मी तिच्या शेजारी मागं. कर्जत गेलं. चौकच्या बाजूला वळलो. पोर खिडकीबाहेर बघत होती. एकदा फक्त म्हणाली, "काल बाबांचा फोन नाय आला." मी म्हटलं, "नेटवर्क नसेल गं."

तिच्या गावाचा फाटा आला.

फाट्यावर बॅनर लागत होता. मामा घरात शब्द शोधत बसला होता आणि इथं फ्लेक्स छापूनसुद्धा झाला होता! दोन पोरं शिडी लावून खांबाला दोऱ्या बांधत होती. वर पुढाऱ्यांचे सहा-सात गोल फोटो, हात जोडलेले. मध्ये वर्दीतले निकिताचे बाबा. खाली, भावपूर्ण श्रद्धांजली.

"निकिता, ते बघ, तिकडं!" मी उलटीकडे बोट केलं. तिकडं काहीच नव्हतं. एक्सप्रेस-वेवरून ट्रक चालले होते.

तिनं तिकडं बघितलं नाही.

"काका, गाडी थांबवा."

हवालदारकाकांनी ऑर्डर आल्यासारखा ब्रेक मारला.

निकिता उतरली. पिशवीत हात घालून काळा मार्कर काढला आणि बॅनरसमोर जाऊन उभी राहिली. तेव्हा मी नाव वाचलं. तिच्या बाबांचं नाव विलास. बॅनरवर छापलं होतं, वीर जवान विकास.

तिनं टाचा उंचावल्या. हात पोचेना. हवालदारकाका गेले, खाली वाकले, दोन्ही हातांची बोटं गुंफून पायरी केली. तिनं चप्पल काढली, त्यांच्या हातावर पाय ठेवला आणि वर चढली. 'का'वर एक आडवी रेघ मारली. त्याच्यावर लिहिलं, 'ला'. वळणदार.

शिडीवरचा पोरगा ओरडला, "ए! ए पोरी! काय करतीस? भाऊंचा बॅनर हाय तो!"

हवालदारकाकांनी हातांची पायरी हलू दिली नाही.

ती खाली उतरली. चप्पल घातली. चार पावलं मागं जाऊन नाव पहिल्यापासून एकदा वाचलं. मार्करला टोपण लावलं, जीपमध्ये येऊन बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"चला बाई," ती म्हणाली, "आजी वाट बघत असंल."